रेषेवरचा कवडसा

१

"माणूस काय सांगतो ते ऐकून घे. पण तो जिथे बसलो होतो म्हणतो ना, तिथे तू स्वतः जाऊन बस. खरं-खोटं मग ती जागाच तुला सांगेल."

हा शब्द फौजदारबाईंच्या जुन्या साहेबांचा. साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण कुणी सकाळी उठून दिवा लावतं, कुणी जपाला बसतं, तसा फौजदारबाईंचा नेम होता. तपासाला निघाल्या की पहिल्या पायरीवर हे वाक्य मनाशी एकदा म्हणायचं. त्या दुपारी दिवसांच्या दालनाची पायरी चढतानाही त्यांनी ते म्हटलं आणि आत पाऊल टाकलं.

हे दालन त्यांनी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. एक अख्खी भिंत लाकडी खणांची. वर्षाचे जितके दिवस तितके खण, आणि चार वर्षांनी येणाऱ्या त्या पाहुण्या दिवसाचा एक जादा. ज्या तारखेला गावात जे जे घडलं, मग ते शंभर वर्षांपूर्वीचं असो की दहा, त्याची एकेक वस्तू त्या तारखेच्या खणात. खाली फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या दगडाची एक रेषा, आणि वर छताला गोल भोक. खिडक्या लावून अंधार केला की त्या भोकातून थाळीएवढा कवडसा फरशीवर उतरायचा आणि सरकत सरकत भर दुपारी रेषेवर यायचा. तो रेषेवर बसला की दालन सांभाळणारी ताई त्या दिवसाचा खण वाचायची. "आजच्या दिवशी," असं म्हणून ती सुरुवात करायची आणि एकेका वस्तूवरचं फडकं उचलायची.

आधी हे काम तिचे वडील करत. त्यांनी तिला दोन नियम घालून दिले होते. दिवस मावळायच्या आत त्या दिवसाचं सगळं वाचून झालंच पाहिजे, एकही राहता कामा नये. आणि हयात माणसाचं नाव खणात घालायचं नाही.

त्या दिवशीच्या खणात तीन वस्तू होत्या. एक गवंड्याचा ओळंबा: आजच्याच तारखेला नदीवरच्या पुलाचा शेवटचा दगड बसला होता. दुसरं पितळी चाक: पुढे कित्येक वर्षांनी आजच्याच तारखेला ते फिरवून गावात पहिल्यांदा नळाचं पाणी सोडलं. आणि तिसरा कंदील. आणखी एका वर्षी, याच तारखेला, पूर आलेला असताना एका नावाड्याने तो होडीच्या नाकावर बांधून पलीकडच्या शाळेतली पोरं खेपेखेपेने अलीकडे आणली. पोरं सगळी पोचली. शेवटच्या खेपेनंतर नावाडी आणखी कुणी राहिलंय का बघायला परत गेला, तो आलाच नाही. कंदील तेवढा वाहत आला.

फौजदारबाईंना बोलावणं जाण्याआधी, भर दुपारी ताईने ओळंबा वाचला. मग दुसरं फडकं उचललं. खाली चाक नव्हतं. कुंडीखाली ठेवतात तसली मातीची बशी होती.

२

सचिवसाहेब दारातच उभे होते. दालनाच्या मंडळाचे ते आठ वर्षं सचिव. कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. चोरी कळताक्षणी त्यांनीच फाटक बंद करवलं होतं, सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या, खणसुद्धा एकूण एक उघडून पाहिले होते. चाक मिळालं नव्हतं.

फौजदारबाईंना बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की बाई तशी वाईट नाही, पण किल्ल्या तिच्याकडे, फडकी तिच्या हातची, आणि ती बशी बागेतली. माळी तिच्या शब्दाबाहेर नाही. दोन अधिक दोन काय होतात ते फौजदारबाईंना सांगायला नको. चार वाजता मंडळाची बैठक होती. वाचन बंद करून भिंतीवर हलत्या चित्रांचे पडदे लावायचे की नाही, हे तिथे ठरायचं होतं. आता तर ताईला कामावर ठेवण्याचाच प्रश्न होता.

"कुंपणानेच शेत खाल्लं, बाई," ते म्हणाले. "वाईट वाटतं."

ताई खणांच्या भिंतीपाशी उभी होती. रडत नव्हती. तिची नजर समोरच्या बाकावर बसलेल्या एका म्हातारीकडे पुन्हा पुन्हा जात होती. ती आजी म्हणजे त्या नावाड्याची लेक. डोळ्यांनी आता जेमतेमच दिसे, पण दर वर्षी या तारखेला ती काठी टेकत यायची, बापाचं वाचलेलं ऐकायची आणि घरी जाऊन मगच दोन घास खायची.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे," ताई म्हणाली. "पण कंदिलाचं वाचायचं राहिलं. साहेबांनी दालनाला कुलूप घालायला सांगितलंय. मी आजींना शब्द दिलाय, दिवस मावळायच्या आत वाचते म्हणून."

"मावळायला अजून वेळ आहे," फौजदारबाई म्हणाल्या. याहून जास्त काही बोलायची त्यांची रीत नव्हती.

मग त्यांनी नीट विचारून घेतलं. वाचनाआधी ताई वस्तू मांडून त्यांवर फडकी घालते. मग वरच्या सज्जात जाऊन छताच्या भोकाची झडप दोरीने उघडते. झडप जड, म्हणून माळीबुवा मदतीला येतात. तेवढा वेळ खाली टेबलापाशी कुणी नसतं. म्हणजे चाक तेव्हाच गेलं. खाली कोण होतं? आजी, सचिवसाहेब आणि पडदे विकायला आलेला एक पाहुणा. झडप उघडल्यावर माळीबुवा खाली येऊन जिन्याशी उभे राहिले, ताई टेबलापाशी.

"वाचताना तू साहेबांना पाहिलंस? त्या पाहुण्याला?"

"अंधार असतो हो. आणि माझं लक्ष कवडशावर." ताई ओशाळून हसली. "सगळ्यांचंच असतं."

३

फौजदारबाई आधी बागेत गेल्या. दालनाच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला बाग. बागेकडच्या दाराला जाड पडदा, आतल्या अंधाराला धक्का लागू नये म्हणून. आवाराला उंच भिंत आणि एकच फाटक.

माळीबुवा उपड्या टोपलीवर फुगून बसले होते. त्यांच्या टोपलीचीही झडती झाली होती, आणि तिच्यातून निघाले होते चार मुळे.

"मुळे चोरीचे नाहीत, लावलेले आहेत," त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. "लिहून घ्या." मग त्यांनी अंगठा पुढे केला. अंगठ्याला चिंधी बांधलेली. बागेच्या मुख्य नळाचं चाक मोडून सहा महिने झाले होते, तेव्हापासून बुवा पकडीने नळ फिरवत होते आणि पकड निसटली की अंगठा सोलून निघत होता. सचिवसाहेबांना शंभरदा सांगून झालं होतं. साहेब स्वतः येऊन माप घेऊन गेले आणि म्हणाले, नळ फार जुना, पहिल्या पाण्याच्या वेळचा. त्या मापाचं चाक आता मिळत नाही. "मिळत नाही म्हणजे द्यायचं नाही. आज मी नळाला हातच लावला नाही. चोर म्हणता ना, मग वाळू दे झाडं."

बशीबद्दल विचारलं तर बुवांनी कुंड्यांच्या रांगेकडे बोट केलं. चौथ्या कुंडीखालची बशी नव्हती. ती कुणीही उचलू शकलं असतं.

पडदेवाला गोरामोरा होऊन आपल्या पेटीवर बसला होता. बडबड्या माणूस, पण आता बडबडीतही घाम होता. त्याने सांगितलं की तो अख्खा वेळ आत होता, आजींच्या मागच्या बाकावर.

"खरं सांगू का बाई, पडदे विकायला आलो आणि तोंडात बोट घालून बसलो. तुमच्याकडे ऊनसुद्धा उलटं चालतं हो. रस्त्याच्या बाजूने निघालं आणि बागेकडे चाललं. माझ्या कुठल्या पडद्याला हे जमायचं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेबांनी मला बोलावलं म्हणून आलो. म्हणाले, आजच्या बैठकीनंतर बाई जातीलच, तुम्ही पडदे तयार ठेवा."

"चोरी व्हायच्या आधी म्हणाले?"

"काल म्हणाले."

फौजदारबाईंनी ते मनात ठेवलं. पण माणूस अडचणीत सापडला की दुसऱ्याकडे बोट दाखवतोच, हेही त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

मग सचिवसाहेब. ते न चुकता, न अडखळता बोलले.

"मी बागेच्या बाजूच्या बाकावर होतो. बाग आहे उगवतीला. कवडसा तिकडूनच आला, माझ्या बुटांवरून सरकत गेला आणि रेषेवर पोचला. मग बाईंनी वाचायला सुरुवात केली. त्यानंतर गोंधळ होईपर्यंत मी जागचा हललो नाही."

दोन माणसं, दोन कवडसे. एक रस्त्याकडून आलेला, एक बागेकडून. त्यांतला एकजण त्या वेळी दालनात नव्हता.

आणि सूर्य उगवतीकडून येतो हे शेंबडं पोरही सांगेल. पडदेवाल्याच्या तोंडी ते उलटं चालणारं ऊन. गावाला नवखा, पेटी हातात, फाटकातून पळायच्या तयारीत. फौजदारबाईंनी शिपायाला खूण केली. याला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

पडदेवाल्याचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "आजींना घरी तरी सोडून येऊ द्या. त्यांचे पाय दुखतायत. शिपाई बरोबर द्या पाहिजे तर."

४

आजींना उठवायला फौजदारबाई स्वतः गेल्या. रस्त्याच्या बाजूचा पहिला बाक, आजींची दर वर्षीची जागा. आजींनी त्यांचा हात चाचपला आणि विचारलं, वाचणार ना? मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दिसत नाही गं मला आता काही. पण पाय पुढे करून बसते. आधी ऊन माझ्या पायांवर येतं. ऊब लागते. मग थोड्या वेळाने ताईचा आवाज येतो. यंदाही आलं होतं ऊन."

घरी पोचवायला फौजदारबाईंनी शिपाई बरोबर दिला, आणि पडदेवाल्याने आजींना हाताला धरून पायरीवरून उतरवलं, अगदी आपल्या आईला उतरवावं तसं. फौजदारबाई पाहत राहिल्या. काहीतरी खुपत होतं, पायात बारीक काटा राहून जावा तसं.

मग त्यांना नेम आठवला. जागेवर जाऊन बसायचं राहिलंच होतं.

दालनात कुणी नव्हतं. गडबडीत वरची झडप लावायची राहून गेली होती. फौजदारबाई बागेच्या बाजूला गेल्या आणि सचिवसाहेबांनी सांगितलेल्या बाकावर, खांबाच्या आडोशाला, दोन्ही पाय जुळवून बसल्या. जेवणवेळ केव्हाच टळली होती. अंधार, शांतता, लाकडाचा जुना वास.

थोड्या वेळाने त्यांच्या पायांना ऊब लागली.

त्यांनी खाली पाहिलं. कवडसा त्यांच्या बुटांवर येऊन बसला होता. आत्ता. वाचन मोडून इतका वेळ झाल्यावर. रेषा तर तिकडे मागे, दालनाच्या मधोमध राहिली होती. कवडसा रेषा ओलांडून बागेकडे आला होता.

फौजदारबाईंनी वरच्या भोकाकडे पाहिलं, मग समोर आजींच्या बाकाकडे. सूर्य सकाळी बागेच्या अंगाला असतो, म्हणून तर भोकातून शिरलेलं ऊन समोर, रस्त्याच्या अंगाला पडतं. सूर्य जसा पुढे सरकतो तसं ते इकडे येतं. ऊन उलटंच चालतं. ज्याने एकदा तरी बसून पाहिलं आहे, त्याला हे माहीत असतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या म्हातारीला माहीत होतं. एका दिवसापुरत्या आलेल्या पाहुण्याला माहीत होतं.

त्या हसल्या. गालातल्या गालात, पण बऱ्याच दिवसांनी.

"साहेब," त्या पुटपुटल्या. ही हाक जुन्या साहेबांना होती.

५

चारच्या बैठकीला मंडळाचे सगळे जमले. अध्यक्ष वयस्कर होते, वाद नको म्हणून सगळ्याला हो म्हणणारे. सचिवसाहेबांनी ताईला काढण्याचा ठराव वाचायला चष्मा लावला, तेवढ्यात फौजदारबाईंनी विनंती केली की बैठक दालनातच घ्यावी. आणि सचिवसाहेबांनी आपण काय पाहिलं ते सगळ्यांसमोर एकदा सांगावं.

त्यांनी सांगितलं. शब्द न शब्द तोच. बागेकडचा बाक, बुटांवरून सरकलेला कवडसा, मग रेषा.

"कवडसा आत्ता कुठे आहे, बघता का?" फौजदारबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. कवडसा बागेकडच्या भिंतीवर, वर चढून बसला होता. अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"अहो, पण मग हा तर..." ते थांबले. "हा तिकडून इकडे येतो."

"रोज," ताई हळूच म्हणाली.

फौजदारबाईंनी मग आवाज न चढवता एकेक गाठ सोडवली. झडप उघडायला दोघं वर गेली, तेव्हा चाक उचललं गेलं. जागी बशी ठेवली, म्हणजे फडकं फुगलेलं राहावं आणि चोरी उशिरा कळावी. ती बशी चोराने आधीच आणून ठेवली होती. चोर चाक घेऊन पडद्याआडून बागेत गेला आणि गोंधळ झाल्यावर मिसळला. वाचन चालू असताना तो आत नव्हता, म्हणून कवडसा कसा आला हे त्याला मनानेच रचावं लागलं. आणि मनाने रचणारा माणूस ऊन उगवतीकडूनच आणणार.

"सचिवसाहेब, आठ वर्षांत तुम्ही एकदाही दुपारच्या वाचनाला बसला नाहीत?"

कुणीतरी खाकरलं. माळीबुवांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. "साहेबांची ती जेवायची वेळ," ते म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"कवडशावरून तुम्ही मला चोर ठरवणार?" सचिवसाहेबांच्या आवाजाची इस्त्री प्रथमच मोडली. "चाक कुठे आहे? सगळं आवार तपासलंय मी."

"हो. तुम्हीच तपासलंत," फौजदारबाई म्हणाल्या. "बुवा, बागेला पाणी दिलं का आज?"

"मी? हात नाही लावला म्हटलं ना."

"आता द्या."

बुवा कुरकुरत उठले. सगळे त्यांच्यामागे बागेत गेले. बुवांनी सवयीने खिशातून पकड काढली, जास्वंदीमागच्या नळापाशी वाकले, आणि पकड हातात धरून तसेच राहिले.

नळावर चाक होतं. चिखलाने माखलेलं, गंजक्या लोखंडासारखं दिसणारं. बुवांनी अंगठ्याच्या चिंधीने ते पुसलं. खालून पितळ चमकलं.

"अगं आई," बुवा म्हणाले. "सहा महिने मागतोय, ते मिळालं की."

पहिल्या पाण्याच्या वेळचा नळ, पहिल्या पाण्याचं चाक. माप जुळणारच. ते माप आवारात एकाच माणसाने घेतलं होतं. आळ आला की माळी रुसणार, मग आज नळाकडे फिरकणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी फाटकावरचा पहारा उठला की चाक काढून न्यायचं, बस्स.

६

का केलं, ते ताईने सांगितलं. तिलाही ते आत्ताच उमगत होतं. सचिवसाहेब तीनदा तिच्याकडे आले होते. त्यांचं म्हणणं असं की आपल्या जन्मतारखेच्या खणात आपलंही काहीतरी ठेव. निदान नव्या पडद्यांचं उद्घाटन होईल, त्या दिवसाच्या खणात आपलं नाव घाल. ती नाही म्हणाली होती. हयात माणसाचं घालत नाहीत. ती असेतोवर ते झालं नसतं, आणि ती गेली की वाचनही गेलं असतं.

सचिवसाहेबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. "आठ वर्षं काम केलं मी इथे," ते म्हणाले. "एका खणात दोन ओळी मागितल्या. तेवढं काही फार नव्हतं." त्यात खोटं नव्हतं, म्हणून ते ऐकायला जड गेलं. शिपाई त्यांना घेऊन गेला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

पण मग माळीबुवा म्हणाले, "आता आजच्या तारखेला साहेबांचं नाव घालायला हरकत नाही. घडलं तर खरं काहीतरी."

"हयात माणसाचं घालत नाही हो बुवा," ताई म्हणाली, आणि पडदेवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळे खो खो हसले. तीही हसली.

अध्यक्षांनी तिथेच, चिखलात उभं राहून, ठराव फाडला. दुसरा ठराव तोंडीच झाला: वाचन चालू राहील, ताई राहील, आणि उद्यापासून मंडळाचा एकेक सभासद पाळीपाळीने दुपारी बाकावर येऊन बसेल. पडदेवाल्याने आपली पेटी बंद केली. म्हणाला, पडदे खपले नाहीत, पण माणूस म्हणून सुटलो, आज एवढी कमाई पुष्कळ झाली.

फौजदारबाई त्याच्यापाशी गेल्या. त्याच्यावर संशय घेतला होता, तो त्यांनी शब्दांनी परत घेतला. असं बोलायला त्यांना जड जाई, पण त्या बोलल्या.

ताई नळापाशी गेली. तिने चाकावर तळवा ठेवला आणि बुवांचा हात त्यावर घेतला. मग तोच दुपारचा आवाज, मऊ आणि स्वच्छ.

"आजच्या दिवशी," ती म्हणाली, "हे चाक फिरवलं, आणि गावातल्या पहिल्या नळाला पाणी आलं."

बुवांनी चाक फिरवलं. नळ खाकरला, थुंकला, आणि पाणी असं उसळलं की अध्यक्षांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. ते मागे सरले नाहीत. खण उघडून चाक कितीदा तरी वाचलं गेलं होतं, पण पाण्यासकट ते पहिल्यांदाच वाचलं गेलं. सुकलेल्या जमिनीतून ओल्या मातीचा वास उठला. बुवा चाक बंद करायचं विसरूनच गेले.

त्या गडबडीत ताई केव्हा आत गेली ते फारसं कुणाला कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिने अंगावर शाल घेतली होती आणि हातात तो कंदील होता. दालनातली वस्तू फाटकाबाहेर जात नाही, असा दंडक होता. तिने अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि ओली विजार पिळायला वाकले.

फाटकाशी फौजदारबाई उभ्या होत्या. ऊन कलून घरांच्या कौलांवर आलं होतं. दिवस अजून होता.

"सोडायला येऊ का?" त्यांनी विचारलं.

ताईने नको म्हटलं. आजींचं घर जवळच होतं, दोन गल्ल्या ओलांडून.

तिने कंदील शालीच्या आडोशाला धरला, आणि कुणाला काही न सांगता, रस्त्याच्या कडेकडेने ती चालू लागली.